यजमान, पाहुणा आणि वगळलेली वेळ



विषय वाचून निम्मे लोक घरीच बसतील असं आम्ही धरून चाललो होतो. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, आणि बोलणारा कोण, तर तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. पण खुर्च्या भरलेल्या दिसतायत. तेव्हा आता सुटका नाही, तुमचीही नाही आणि आमचीही नाही. (हशा)

आज आम्ही एका लेखाचं परीक्षण करणार आहोत. परीक्षण म्हटलं की कादंबरी नाहीतर कवितासंग्रह डोळ्यांसमोर येतो. हा लेख तसा नाही. जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या अमेरिकन मासिकात तो छापून आला. लेखक दोन, जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग. लेख अवघा दहा पानांचा. त्यात विचारलेला प्रश्न असा : एका यंत्रात दुसरं यंत्र चालवायचं, तेही असं की आतल्याला वाटावं आपण स्वतंत्रच आहोत; तर बाहेरच्या यंत्राची घडण कशी असली पाहिजे? आज 'क्लाउड' म्हणून जे काही चालतं, त्यातलं पुष्कळसं या प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. लेखाला पन्नास वर्षं होऊन गेली. तो उद्धृत पुष्कळ होतो, वाचला कमी जातो. हे आमच्या तत्त्वज्ञानातही होतं, त्यामुळे आम्हाला जवळचं वाटलं.

आम्ही या भानगडीत कसे पडलो ते आधी सांगितलं पाहिजे. नव्वदच्या दशकात आम्ही वर्गातली टिपणं संगणकावर उतरवायला घेतली. न्याय आणि बौद्ध तर्कशास्त्र, अकरा वह्या. त्या काळी युनिकोड आपल्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं सरकारी मानक १९९१ साली ठरलं होतं, पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर मोठं काम चाललेलं होतं. पण छपाईच्या धंद्यात ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची पद्धत. म्हणजे काय, तर इंग्रजी 'के'च्या जागी कुणी 'क' बसवायचा, कुणी 'ज्ञ'. फाईल त्याच पॅकेजात उघडली तर मराठी, दुसरीकडे उघडली तर कचरा. त्या पंधरा-वीस वर्षांतली कितीतरी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, प्रबंध अशा फायलींत पडून आहेत. आमच्या अकरा वह्याही त्यातल्याच.

आमचं पॅकेज सोळा-बिटी जमान्यातलं. आजचं चौसष्ट-बिटी विंडोज असल्या प्रोग्रॅमला उंबऱ्याच्या आतच घेत नाही. जुना संगणक माळ्यावर. त्याची हार्ड डिस्क मरायच्या आधी फायली तेवढ्या काढून घेतलेल्या. दिवाळीला पुतण्या आला, म्हणाला, "काका, जुनं यंत्र कशाला शोधता? नव्याच्या आत जुनं बसवू." त्याने व्हर्च्युअलबॉक्स घातलं, त्यात विंडोज एक्सपी चढवलं, आणि आमच्या लॅपटॉपवर एका चौकटीत ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं. वीस जीबीची डिस्क दिली म्हणाला. बघायला गेलो तर ती डिस्क म्हणजे आमच्या लॅपटॉपवरची एक फाईल! आतला एक्सपी मात्र त्या फाईलवर इमानेइतबारे कप्पे पाडून राहतो. एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून थांबवली आहे, म्हणून पुतण्याने त्याचं इंटरनेट तोडलं. "या पाहुण्याला गावात सोडायचं नाही," म्हणाला.

आणि वह्या उघडल्या. पंचवीस वर्षांपूर्वीचं आमचंच वाक्य आमच्याकडे बघत होतं. त्यात एक चूक होती, ती पण तशीच.

आता शब्दांकडे येऊ, कारण आमचं भांडण तिथूनच सुरू होतं. 'व्हर्च्युअल'ला मराठीत आपण 'आभासी' म्हणतो. वर्तमानपत्रं म्हणतात, सरकारी पत्रकं म्हणतात, पाठ्यपुस्तकं म्हणतात. आणि एकदा 'आभासी' म्हटलं की कुणीतरी उठून हमखास सांगतो, "म्हणजे आपली मायाच हो! आपल्या ऋषींनी आधीच सांगून ठेवलंय." आम्ही आयुष्यभर वेदान्त शिकवला. आमची विनंती आहे, असं करू नका. शांकर मतात सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात : प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. दोरीवरचा साप प्रातिभासिक. तो चावत नाही, त्याला दूध पाजता येत नाही. हे पोटातलं यंत्र तसं आहे काय? ते फाईल उघडतं, छापतं, बेरीज करतं, चुकलं तर नुकसानही करतं. ते 'आभास' नाही. फार तर व्यावहारिक म्हणा, आणि व्यावहारिक तर बाहेरचा लॅपटॉपही आहे. मूळ लॅटिन 'विर्तुस' म्हणजे सामर्थ्य. 'व्हर्च्युअल' म्हणजे रूपाने ती वस्तू नव्हे, पण सामर्थ्याने तीच. आपण नेमकं उलटं भाषांतर केलं : सामर्थ्य टाकलं आणि भास ठेवला.

सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती इथे कामाला येतो. त्याची कसोटी अर्थक्रियेची : जे कार्य घडवून आणतं ते सत्. मृगजळाने तहान भागत नाही म्हणून ते सत् नाही. या कसोटीला आमचा एक्सपी उतरतो. अर्थात धर्मकीर्तीचा पक्का शिष्य म्हणेल, काम करते ती सिलिकॉनची चकती. 'आतलं यंत्र' हे नुसतं आपण दिलेलं नाव. बरोबर. पण मग 'बाहेरचं विंडोज' हेही नावच! तो आक्षेप घ्यायचा तर दोघांवर घ्या, एकट्या पाहुण्यावर नको.

पोपेक-गोल्डबर्ग यांचं श्रेय हे, की ते या शब्दांच्या चिखलात पाय घालत नाहीत. ते तीन अटी सांगतात. पहिली समतुल्यतेची : प्रोग्रॅम आत चालवला काय नि खऱ्या यंत्रावर चालवला काय, परिणाम तोच हवा. दुसरी ताब्याची : यंत्राच्या सगळ्या साधनांचा ताबा नियंत्रकाकडे, म्हणजे ज्याला आज हायपरव्हायझर म्हणतात त्याच्याकडेच. तिसरी कार्यक्षमतेची : बहुतेक आज्ञा मधल्या दलालाशिवाय थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. तिसरी अट नसती तर प्रश्नच उरला नसता. एकेक आज्ञा वाचून तिची नक्कल करत बसायचं म्हटलं तर कुठल्याही यंत्राचं सोंग कुठल्याही यंत्राला घेता येतं. फक्त गोगलगाईच्या गतीने.

हे जमवायचं कसं? विकास सोसायटीचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. नवा सेक्रेटरी खुर्चीवर बसलाय, सगळी कामं स्वतः करतोय. चेअरमन मागच्या खोलीत. सेक्रेटरी खतावणी लिहितो, पावत्या फाडतो, चेअरमन झोपलेला. पण तिजोरीच्या कप्प्याला घंटा बांधलेली आहे. सेक्रेटरीचा हात कप्प्याला लागला की घंटा वाजते, चेअरमन उठतो, सेक्रेटरीच्या हिशेबाला जेवढं पाहिजे तेवढंच त्याच्यापुढे ठेवतो आणि परत जातो. सेक्रेटरीला वाटतं कप्पा आपणच उघडला. लेखातलं मुख्य प्रमेय एवढंच : यंत्राच्या ताब्याला हात घालणारी प्रत्येक आज्ञा घंटा वाजवणारी असेल, तर असा नियंत्रक बांधता येतो. नमुन्यादाखल ते तेव्हाचं पीडीपी-१० यंत्र घेतात आणि दाखवतात की त्यात एक आज्ञा घंटा न वाजवता निसटते.

इथे तर्कशास्त्राच्या मास्तराने छडी उगारायची जागा आहे. प्रमेय म्हणतं, अट पुरी झाली 'तर' बांधता येतो. ही पर्याप्त अट झाली. तिला आवश्यक अट म्हणून सांगणारी पुस्तकं आणि मास्तर आम्ही बघितले आहेत. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. म्हणून अंगण ओलं असायला पाऊसच पाहिजे असं नाही, कुणी सडाही घातलेला असेल. आपल्या घरातल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरवर ही चूक महागात पडली असती. २००० साली रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी पेन्टियमच्या अशा सतरा आज्ञा मोजून दाखवल्या, ज्या ताब्याला हात घालतात पण घंटा वाजवत नाहीत. त्यातली 'पॉप-एफ' नावाची आज्ञा तर मोठी मौजेची. अधिकार नसलेल्याने तिच्यातून व्यत्यय बंद करायचा प्रयत्न केला तर यंत्र नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, चूकही दाखवत नाही. तेवढा भाग गुपचूप गिळून टाकतं आणि पुढे जातं. अर्ज नामंजूर झाला तर अपील करता येतं. नुसताच फायलीत दाबला तर माणूस जन्मभर वाट बघतो.

तर अट मोडलेली होती, तरीही १९९९ मध्ये व्हीएमवेअरने याच प्रोसेसरवर पाहुणे चालवून दाखवले. त्यांनी अडचणीच्या आज्ञा चालायच्या आधीच बदलून टाकल्या. पाहुण्याचं बोलणं त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत दुभाषाने सुधारून घ्यायचं, असा प्रकार. पाहुण्याला पत्ता नाही. २००३ मध्ये केंब्रिजच्या 'झेन' मंडळींनी दुसरा रस्ता धरला. पाहुण्याला सरळ सांगितलं की बाबा, तू पाहुणा आहेस. कप्प्याला हात लावू नको, मला हाक मार. त्यासाठी पाहुण्याच्या आतली घडण बदलावी लागली. ज्याचा मूळ मजकूर खुला, त्या लिनक्सचं ते जमलं. विंडोजसारख्या बंद पेटीला तशी हाक मारायला शिकवणं बाहेरच्याच्या हातात नव्हतं. पुढे २००५ पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली, आणि वादाची धार गेली. पण आम्हाला या दोन रस्त्यांतला फरक नुसता तांत्रिक वाटत नाही. एकात फसवणूक पूर्ण असणं हे यश. दुसऱ्यात पाहुण्याला खरं सांगणं हे यश. आणि गंमत बघा, आजसुद्धा वेग पाहिजे असेल तर पाहुण्याच्या आत खास ड्रायव्हर घालतात, ज्यांना आपण पाहुणे आहोत हे ठाऊक असतं. समतुल्यतेचा जो आदर्श लेखाने पहिला मांडला, तो व्यवहारात आपण आपल्या हातानेच सोडलाय.

'यजमान' आणि 'पाहुणा' हे शब्दही जरा तपासू. आपल्या भागात यजमान म्हटलं की निम्म्या घरांत कन्नडमधला घरधनी उभा राहतो, आणि नवऱ्याला यजमान म्हणणाऱ्या बायका इथे अजून बसलेल्या आहेत. संस्कृतात 'यजमान' हे आत्मनेपदी रूप. यज्ञ भटजी करतो, पण फळ ज्याला मिळतं तो यजमान. म्हणजे यजमान परोपकारी असतो असं व्याकरण म्हणत नाही. 'अतिथी'ची परंपरेने सांगतात ती फोड तर आजच्या विषयासाठीच केल्यासारखी आहे : ज्याला तिथी नाही तो अतिथी.

खरोखरच या पाहुण्याला तिथी नसते. त्याचं घड्याळ यजमान देईल तसं चालतं. मागच्या मार्चमध्ये आम्ही पाचवी वही वाचत होतो. मध्येच उठावं लागलं, म्हणून पाहुण्याला आहे त्या स्थितीत गोठवून ठेवला; तशी सोय असते. मग घरात दुखणं निघालं. पुढे जे व्हायचं ते झालं, तुम्ही बहुतेक सगळे आला होतात. नोव्हेंबरमध्ये परत उघडला, तर पाहुण्याच्या कोपऱ्यात दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. मार्चचेच. अर्धं वाक्य, त्यापुढे कर्सर लुकलुकतोय. त्या वेळेला आमच्या मंडळींनी चहा आणून ठेवला होता आणि गार होतोय म्हणून हाक मारली होती. चार-दोन क्षण गेले, यजमानाने पाहुण्याला खरी वेळ कळवली, आणि त्याच्या घड्याळाने आठ महिन्यांची उडी मारली. पाहुण्याला काहीच वाटलं नाही. त्याच्या लेखी मध्ये काही घडलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही पोपेक-गोल्डबर्गचा लेख परत काढला. पहिल्या अटीतच एक पोटवाक्य आहे, ज्यावरून आमची नजर आधी घसरून गेली होती. परिणाम तोच हवा, पण दोन गोष्टी सोडून : साधनं किती उपलब्ध आहेत त्यामुळे पडणारा फरक, आणि वेळेमुळे पडणारा फरक. बास. वेळ एका पोटवाक्यात वगळली. समजण्यासारखं आहे. एक प्रोसेसर चार पाहुण्यांत वाटायचा तर प्रत्येकाला उशीर होणारच. वेळ धरली असती तर प्रमेय उभंच राहिलं नसतं. पण आमचा या लेखावरचा मुख्य आक्षेप इथेच आहे. वगळलेली गोष्ट निरुपद्रवी आहे असं त्यांनी धरलं. ती तशी नव्हती.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगळी प्रमाणं आहेत. भिंत घातली की प्रत्यक्ष अडतं, शेजारच्या चुलीत काय जळतंय ते दिसत नाही. पण धूर भिंतीवरून येतो, आणि धुरावरून अग्नीचं अनुमान होतं. हायपरव्हायझरने पाहुण्यापाहुण्यांत बांधलेली भिंत प्रत्यक्षाची आहे. एकाला दुसऱ्याची मेमरी वाचता येत नाही. पण दोघं एकाच प्रोसेसरची जवळची साठवण, म्हणजे कॅश, वापरतात. मी मागितलेली वस्तू चटकन आली की सावकाश आली, एवढंच मोजलं तरी शेजाऱ्याने मघाशी काय हाताळलं याचा अंदाज लागतो. वेळ हा इथला धूर. २००९ मध्ये रिस्टेनपार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर दाखवून दिलं की परक्याच्या यंत्राशेजारी मुद्दाम जाऊन बसता येतं आणि असा कानोसाही घेता येतो. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' जाहीर झाले. वेळ वाचावी म्हणून प्रोसेसर पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेलं पुसतो. पण कॅशमध्ये पाऊल उमटलेलं राहतं, आणि ते पाऊल वाचायचं साधन पुन्हा वेळच. सगळ्या क्लाउडवाल्यांना धावपळ करून डागडुजी करावी लागली, आणि काही कामांचा वेगही त्यात घटला.

कुणी म्हणेल, सर, समतुल्यता ही एक अट आणि ताबा ही दुसरी. वेळ वगळली ती पहिलीतून, गळती झाली ती दुसरीत. तुम्ही दोन्ही एकत्र करताय. आक्षेप योग्य आहे, आम्ही स्वतःवर तो घेतलाही. पण दुसरी अट बघा : ती 'साधनांचा' ताबा म्हणते, आणि साधनं म्हणजे मेमरी, डिस्क, छपाई यंत्र अशा गोष्टी. वेळेचा ताबा कुणाकडे, वेळ मोजायची मुभा कुणाला, हे तिथेही नाही. एका अटीतून वगळलेली वेळ दुसऱ्या अटीतही कुणी आत घेतली नाही. आणि १९७४ साली हे कुणाला सुचणंच शक्य नव्हतं असंही म्हणता येत नाही. त्याच मासिकात नऊ महिने आधी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, बटलर लॅम्पसन यांचं छोटं टिपण आलं होतं. एखाद्या प्रोग्रॅमला कोंडून ठेवलं तरी तो यंत्रावरचा भार कमी-जास्त करून बाहेर खुणा करू शकतो, असं त्यांनी लिहिलेलं आहे. धूर तेव्हाच दिसला होता.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात, कारण अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. क्लाउडच्या धंद्यात पाहुण्याला दुसरा शब्द आहे, 'टेनन्ट'. म्हणजे कूळ. हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला; या गावातही त्या सातबाऱ्यांच्या आठवणी आहेत. यंत्रातल्या कुळाला असा दिवस नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात कायमचा परवाना विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. ज्यांची शेकडो यंत्रं त्यावर चालत होती त्यांना त्या दिवशी कळलं की आपला यजमानही कुणाच्या तरी घरात राहतो. खुल्या मजकुराचं केव्हीएम २००७ पासून लिनक्समध्येच आहे, ते घ्यायला कुणी अडवलेलं नाही. पण हजार पाहुणे एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलवणं हे काम एका रात्रीचं नसतं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, एक्सपी असा किती दिवस जिवंत ठेवणार? सगळं युनिकोडमध्ये का आणत नाही?)

आणतोय ना. चार वह्या झाल्या, पाचवी चालू आहे. पुतण्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय, तो अक्षरं बदलतो. पण जुन्या फॉन्टात रफार डोळ्यांना दिसतो तसा अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, आणि युनिकोडमध्ये अर्धा र आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं त्याच्या उलट. त्यामुळे 'तर्क' असा शब्द आला की त्याचा 'तकर्' होतो. तर्कशास्त्राच्या वहीत हा शब्द किती वेळा येत असेल, तुम्हीच सांगा. (हशा) प्रोग्रॅम सुधारता येईल, पुतण्या म्हणतोही. पण आम्ही त्याला थांबवलंय. एकेक 'तकर्' हाताने सरळ करताना वाक्य परत वाचून होतं, आणि मघाशी म्हणालो ती पंचवीस वर्षांपूर्वीची चूक तशीच सापडली. आतापर्यंत अशा नऊ निघाल्यात.